सरप्राईज बाहुल्या आणि नाताळची भेट: दुकानात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात फोंड्याला आमचं स्टेशनरी आणि खेळण्यांचं छोटं दुकान आहे. घराघरांवर नाताळचे तारे लागले की आमच्या व्हॉट्सअॅपवर दरवर्षी तेच प्रश्न सुरू होतात. गिऱ्हाईक समोर उभं असताना ते वाचायलाही फुरसत नसते, म्हणून उत्तरं एकदाच इथे लिहून ठेवते. प्रश्न लोकांच्याच शब्दांत आहेत, नावं काढली आहेत.

१. सरप्राईज बाहुली म्हणजे नेमकं काय? भाची मागे लागलीय, मला तर काही पत्ता नाही.

बंद बॉल, अंडं किंवा बॉक्स असतो. आत त्या सिरीजमधली कुठली तरी एक बाहुली असते, पण कुठली ते उघडेपर्यंत कळत नाही. सोबत एक कागद मिळतो, त्यावर सिरीजमधल्या सगळ्या बाहुल्यांची चित्रं असतात. मुलं तो कागद पाठ्यपुस्तकापेक्षा जपून ठेवतात, कारण कुठली मिळाली आणि कुठली राहिली याच्या खुणा त्याच्यावर करायच्या असतात.

कल्पना जुनी आहे. जपानमध्ये नाणं टाकून कॅप्सूल काढायची यंत्रं १९६० च्या दशकापासून आहेत आणि इटलीत किंडरचं खेळण्याचं चॉकलेट-अंडं १९७४ साली आलं. मात्र आज मुलं 'सरप्राईज' म्हणतात ती लाट २०१६ च्या डिसेंबरात सुरू झाली, अमेरिकेतल्या एमजीए एंटरटेनमेंटच्या एल.ओ.एल. सरप्राईजपासून. मुलं तासन् तास दुसऱ्यांना खोकी उघडताना व्हिडिओत बघतात हे कंपनीने हेरलं आणि उघडणं हाच खेळ करून टाकला. पहिल्या बॉलवर सात थर होते. एक सोलला की चिठ्ठी, दुसरा सोलला की स्टिकर, मग बाटली, बूट, कपडे, आणि बाहुली शेवटी.

२. शंभर-दोनशेच्या आत काय येईल? शाळेत सिक्रेट सांता आहे.

सगळ्यात स्वस्तात किंडर जॉय. ते आपल्या बारामतीच्या कारखान्यात बनतं, एका अर्ध्यात खाऊ आणि दुसऱ्या अर्ध्यात खेळणं. बाहुलीच हवी असेल तर भारतीय कंपन्यांचे छोटे अंड्याचे आणि बॉलचे प्रकार या बजेटात बसतात. एवढंच बघा की खोक्यावर कंपनीचं नाव, पत्ता आणि आयएसआय खूण आहे (प्रश्न ५). परदेशी ब्रँडचा बॉल शंभरात कुणी देत असेल, तर तो त्या ब्रँडचा नाही.

३. मग महागड्या बॉलमध्ये एवढं काय असतं?

बाहुलीचा रंग, केस, कपड्यांची शिलाई चांगली असते. शिवाय 'पाण्याची करामत' असते: बाहुलीत पाणी भरलं की कुठली रडते, कुठली पिचकारी मारते, कुठली शू करते, कुठलीचा थंड पाण्यात रंग बदलतो. आमच्याकडच्या गिऱ्हाइकांत शू करणारीला सर्वांत जास्त मागणी, आयांच्या कपाळावरच्या आठ्या बघून तर अजूनच.

किमतीचा मोठा भाग मात्र बाहुलीचा नसतो. परदेशी खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३ मध्ये ७० टक्के. दुबईहून येणारा मामा तीच वस्तू तिकडून स्वस्तात आणतो आणि आम्ही लुटारू ठरतो, त्याचं कारण हे.

४. कितव्या वर्षापासून द्यावी? नातू अडीच वर्षांचा आहे.

तीन वर्षांच्या आत अजिबात नको, आणि अजूनही सगळं तोंडात घालणारं मूल असेल तर चार वर्षं झाली तरी नको. यात बूट, पर्स, चष्मा, बाटली अशा शेंगदाण्याएवढ्या वस्तू असतात. सुरक्षा चाचणीत खेळण्याचे भाग साधारण ३२ मिलिमीटर व्यासाच्या एका छोट्या नळकांड्यात टाकून बघतात. त्यात जो भाग पूर्ण मावतो तो लहान मुलाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. सरप्राईज बाहुलीचे जवळजवळ सगळे दागदागिने त्यात मावतात. खोक्यावर ०-३ लिहिलेला, लाल रेघेने खोडलेला बाळाचा चेहरा असतो, तो याचसाठी.

खरी अडचण घरात दोन मुलं असली की येते. ताई सात वर्षांची, धाकटा दीड वर्षाचा. बाहुली ताईची, पण बूट सापडतात धाकट्याच्या मुठीत. अशा घरी बॉल उघडायचा तो टेबलावर, मोठ्या ताटात. लहान वस्तूंना झाकणाचा डबा आधीच शोधून ठेवायचा.

दिवा लागणारी किंवा आवाज करणारी बाहुली असेल तर बॅटरीचं झाकण स्क्रूने बंद आहे ना ते बघा. बटनासारखी चपटी बॅटरी मुलाने गिळली तर अन्ननलिका दोन तासांतसुद्धा भाजू शकते. संशय जरी आला तरी वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

५. फेस्ताच्या (चर्चच्या जत्रेच्या) फेरीत तोच बॉल निम्म्या किमतीत दिसला. खरा-खोटा कसा ओळखायचा?

३ डिसेंबरचं जुन्या गोव्याचं फेस्त, ८ तारखेचं पणजीचं, मग म्हापशाच्या बोडगेश्वराची जत्रा: या दिवसांत स्टॉलवर सगळं मिळतं. सगळंच खोटं असतं असं मी म्हणणार नाही. पण खोक्यावर काय छापलंय ते बघितल्याशिवाय पाकिटात हात घालू नका.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे, माल देशी असो की परदेशी. खुणेच्या वर आयएस क्रमांक असतो आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. तो भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कुणाचा परवाना आहे ते दिसतं. नुसती खूण कुणीही छापेल, क्रमांक तपासला की पितळ उघडं पडतं. त्याशिवाय एमआरपी आणि आयात माल असेल तर मागवणाऱ्याचं नाव-पत्ता आणि मूळ देश खोक्यावर हवा. शेवटची कसोटी नाकाची: उघडल्यावर रंगाचा उग्र दर्प आला किंवा ओल्या फडक्याने पुसल्यावर गालाचा रंग फडक्यावर आला, तर ती मुलाच्या हातात देऊ नका.

एक अपवाद. सरकारदरबारी नोंदणी असलेल्या हस्तकला कारागिरांच्या खेळण्यांना ही खूण लागत नाही. म्हणून सावंतवाडीच्या चितार आळीतल्या लाकडी भातुकलीवर ती दिसली नाही तर लगेच नाक मुरडू नका.

६. लाबूबू यातच येतं का? मुलगी नववीत आहे, तिला तेच हवंय.

पद्धत तीच, गिऱ्हाईक वेगळं. लाबूबू हे हाँगकाँगच्या कासिंग लुंग या चित्रकाराने २०१५ मध्ये काढलेलं पात्र. त्याच्या बाहुल्या २०१९ पासून चीनची पॉप मार्ट कंपनी विकते. खोक्यावर बहुधा '१५ वर्षांपुढील' छापलेलं असतं, म्हणजे कंपनी स्वतःच ते लहान मुलांचं खेळणं म्हणून विकत नाही. नववीतल्या मुलीला चालेल, पहिलीतल्या बहिणीला नाही.

यात नकलांचा सुळसुळाट फार आहे. अस्सलच्या तोंडात नऊ दात असतात. हे आता नकला करणाऱ्यांनाही ठाऊक झालंय, पण तरी मोजून बघा, बरेचसे तिथेच पकडले जातात. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने नकली लाबूबूंबद्दल इशारा दिला होता, ते आकाराने लहान असतात आणि तुकडे सुटून घशात अडकू शकतात म्हणून. बजेट हजाराच्या आत असेल तर या वाटेला जाऊ नका. तिला तेवढ्याच पैशांत तिच्या आवडीचं दुसरं काही मिळेल.

७. पूर्ण सेट व्हायला किती बॉल घ्यावे लागतील? बारा आहेत म्हणजे बारा ना?

नाही. हे गणित मी काउंटरवर कागद घेऊन समजावते, आणि त्यात माझीच विक्री बुडते.

समजा सिरीजमध्ये १२ बाहुल्या आहेत आणि प्रत्येक निघायची शक्यता सारखी आहे. पहिला बॉल नवाच. दुसराही बहुधा नवा. पहिल्या सहा वेगवेगळ्या जमायला सरासरी आठेक बॉल लागतात, आणि इथेच माणूस फसतो, कारण वाटतं की अजून आठ घेतले की झालं. पण जितक्या जास्त जमतात तितकी पुनरावृत्ती वाढते. उरलेल्या सहांसाठी सरासरी आणखी २९ लागतात. त्यातल्या एकट्या शेवटच्या बाहुलीसाठी बारा. एकूण ३७. दोनशेचा बॉल धरला तरी ७,४०० रुपये, आणि घरात २५ बाहुल्या जास्तीच्या.

हे झालं सगळ्या सारख्या प्रमाणात असतील तर. 'दुर्मिळ' किंवा 'सिक्रेट' बाहुली मुद्दाम कमी घातलेली असते. ७२ त एक असं प्रमाण लिहिलं असेल तर ७२ खोकी घेऊनही ती न निघण्याची शक्यता तिसऱ्या हिश्शाहून जास्त उरते.

सेटच हवा असेल तर दोन रस्ते. काही कंपन्यांच्या अख्ख्या पेटीत पुनरावृत्ती नसते, तशी पेटी चार-पाच घरांनी मिळून घ्यायची. नाहीतर वर्गातल्या मैत्रिणींत अदलाबदल. दुसरा रस्ता फुकट आहे आणि मुलांना तोच जास्त आवडतो.

८. हलवून किंवा वजन करून आतली बाहुली ओळखता येते का?

बॉलमध्ये खात्रीने नाही. लेगोची माणसं पूर्वी पाकिटात यायची, तेव्हा लोक बोटांनी चाचपून तलवार-टोपी ओळखायचे. २०२३ पासून कंपनीने पाकिटाऐवजी खोकी आणली आणि तो उद्योग संपला. आमच्या दुकानात बॉल कानाशी धरून हलवायला पूर्ण मुभा आहे. उपयोग शून्य.

९. पाच भाचरांना पाच बॉल दिले तर सगळ्यांना वेगवेगळ्या मिळतील ना?

बारांच्या सिरीजमधले सुटे पाच बॉल घेतले तर निदान दोघांना सारखी निघायची शक्यता ६० टक्क्यांच्या वर आहे. सारखी निघाली तर एक वेळ चालतं. वांदे होतात ते एकीला परी आणि दुसरीला 'ही कसली' निघाली की. म्हणून देताना नाव लिहून देऊ नका. पाचही बॉल मध्ये ठेवा, सगळ्यांनी एकदम उघडायचे, आणि उघडल्यावर दहा मिनिटं अदलाबदलीची. हा नियम उघडण्याआधी जाहीर करायचा, रडारड सुरू झाल्यावर कुणी ऐकत नाही.

१०. सासरे म्हणतात हा जुगार आहे. खरं का?

सासऱ्यांचं अगदीच चुकत नाही. पैसे मोजायचे, काय मिळेल ते नशिबावर, आणि 'पुढच्यात नक्की' ही आशा. मांडवीतल्या कॅसिनोत यापेक्षा निराळं काय चालतं? फरक इतकाच की इथे हातात काहीतरी पडतंच. चीनने जून २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढली की आठ वर्षांखालच्या मुलांना अशी बंद खोकी विकायची नाहीत आणि त्यापुढच्या मुलांसाठी पालकांची संमती हवी.

माझं मत: वर्षातून एकदा, कुणीतरी भेट दिलेला बॉल म्हणजे जुगार नव्हे. पॉकेटमनीतून दर आठवड्याला एक, 'ती' मिळेपर्यंत, हे मात्र थांबवायला हवं. दहा-बारा वर्षांचं मूल एकटं पैसे घेऊन आलं आणि तिसरा बॉल मागू लागलं, तर मी आईला फोन लावते.

११. एक महागडी घेऊ की चार स्वस्त?

एकच, पण ती उघडायला वेळ लागेल अशी. मुलांच्या तोंडावरचा आनंद बघा, तो सोलण्यात असतो. बाहुली हातात आली की पाच मिनिटांत पुढची मागणी. चार बॉल दिले तर चारही दहा मिनिटांत फुटतात आणि पाचवा कुठे आहे असं विचारलं जातं.

त्याहून स्वस्त उपाय घरी करता येतो, आणि आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी काही जणी दरवर्षी तोच करतात. दीड-दोनशेची साधी, बिनसरप्राईज बाहुली घ्या, जिचा चेहरा तुम्हाला पसंत आहे. तिचे बूट, कंगवा, पर्स काढून वेगळे करा. बाहुली सगळ्यात आत, तिच्यावर पतंगाचा कागद, त्यावर बूट ठेवून अॅल्युमिनियम फॉईल, मग रविवारच्या पुरवणीचं पान, मग कंगवा, मग जुन्या कॅलेंडरचं जाड पान, असं वाढवत नारळाएवढं करा. चिकटपट्टीचं टोक दर थरात वेगळ्या जागी लपवा, ते नखाने शोधण्यातच निम्मी मजा आहे. प्रत्येक थरात मराठीत चिठ्ठी: 'हिच्या केसांचा रंग तुझ्या दप्तरासारखा', 'पुढचा थर आजीनेच काढायचा', 'आता आधी एक नेवरी खा'. कंपनीच्या बॉलमधल्या चिठ्ठीत आजी येऊ शकत नाही.

वय सहा-सातच्या पुढे असेल तर एखाद्या थरात सावंतवाडीच्या भातुकलीतलं छोटं लाकडी जातं किंवा पोळपाट घाला. बाहुलीला संसारही मिळतो.

१२. मुलगा आहे. बाहुली कशी देऊ?

हातात धरून द्या. मागतोय तर खुशाल द्या. नाहीतर याच पद्धतीत प्राणी, डायनासोर, गाड्या सगळं मिळतं.

१३. आमच्याकडे नाताळ नसतो, पण शेजारच्या आंटीकडून कुसवाडाचं (नाताळच्या फराळाचं) ताट येतं. तिच्या नातवंडांना बॉल दिला तर चालेल?

चालेल काय, फार छान. दिवाळीचा फराळ आपल्याकडून जातो, नाताळचं दोदोल-बेबिंक-नेवऱ्या तिकडून येतात, आणि ताट रिकामं परत करायचं नाही ही रीत दोन्ही घरांत सारखीच. त्याच ताटात बॉल ठेवा. एकच काळजी घ्या: पोरांच्या आईला आधी हळूच विचारा, कारण बॉलची यादी बहुतेक तिच्या फोनमध्ये असते आणि दोन नातेवाईकांनी तीच सिरीज आधीच घेतलेली असते. २४ च्या संध्याकाळी चर्चमध्ये मिसाला (प्रार्थनेला) जायच्या गडबडीत नको. २५ ला दुपारनंतर निवांत जा.

१४. उघडल्यावर तुटकी निघाली तर बदलून मिळते का? 'विकलेला माल परत नाही' अशी पाटी होती.

पाटीने कायदा बदलत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. मुदत बिलावर लिहिलेली असेल ती, नसेल तर ३० दिवस. १ डिसेंबरला घेतलेला आणि २५ ला उघडलेला बॉल या तीस दिवसांत बसतो, म्हणून बिल मागा आणि जपून ठेवा. बिल न देणं हीसुद्धा त्याच कायद्यात अनुचित प्रथा आहे. कुणी दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

बॉल सील फोडण्यापासून शेवटपर्यंत एकसंध व्हिडिओत घ्या, ऑनलाइन मागवला असेल तर नक्कीच. मात्र 'आवडली नाही' किंवा 'ही आमच्याकडे आहे' हा दोष नव्हे. तिथे दुकानदाराची मर्जी.

१५. रंग बदलणारी बाहुली रंग बदलत नाही. फसवलं का?

पाणी पुरेसं थंड नसेल. आपल्याकडे नळाचं पाणी डिसेंबरातही कोमट असतं. वाटीत बर्फ टाकून, दोन मिनिटं थांबून मग बुडवा. परत मूळ रंग हवा असेल तर कोमट पाणी, उकळतं नव्हे. सिरीजमधली प्रत्येक बाहुली रंग बदलतेच असंही नाही, कागदावर खूण असते ती बघा.

खेळून झालं की आतलं पाणी दाबून, झटकून काढा आणि भोक खाली करून रात्रभर उपडी ठेवा. पाणी आत राहिलं तर आपल्या दमट हवेत आतून काळी बुरशी धरते आणि पुढच्या वेळी तेच पाणी पिचकारीतून तोंडावर उडतं.

१६. एवढं प्लास्टिक! त्याचं काय करायचं?

हा आक्षेप मला मान्य आहे, आणि म्हणूनच ११ व्या उत्तरातला कागदी गोळा मला जास्त आवडतो. कंपनीचा बॉल घेतलाच तर रिकामे अर्धे गोल दोरा ओवून नाताळच्या झाडाला लावता येतात, किंवा येशूजन्माच्या देखाव्यातल्या गोठ्यात उलटे ठेवून वर गवत चिकटवलं की डोंगर होतो. चमकणारे रॅपर सुक्या कचऱ्यात. पंचायतीची गाडी येते तेव्हा ते ओल्यात मिसळू नका.

१७. बालगृहातल्या मुलांना वीस बॉल द्यायचे आहेत. सवलत द्याल?

सवलत देऊ, पण बॉल नका घेऊ. वीस मुलांत एकाला दुर्मिळ निघणार आणि एकोणीस हिरमुसणार, आणि आपण निघून आल्यावर ती भांडणं तिथल्या ताईंनी मिटवायची. एकसारख्या, दिसणाऱ्या वस्तू घ्या, रंग फक्त वेगळे. आधी संस्थेला फोन करून वयं विचारा, कारण तीन वर्षांखालची मुलं असतील तर प्रश्न ४ लागू होतो.

१८. माझ्या मुलाला अचानक काही समोर आलं की त्रास होतो. पण वर्गात सगळ्यांकडे आहे, त्यालाही हवंय.

तर त्याच्यासाठी त्यातलं 'अचानक' काढून टाका. यादीचा कागद आधी दाखवा, आत यांपैकीच एक आहे हे सांगा, आणि हवं तर तुम्ही एकदा उघडून परत बंद करून द्या. आमच्याकडे आधी उघडलेल्या, चेहरा दिसणाऱ्या बाहुल्याही असतात. काही मुलं तोच बॉल रोज उघडतात, रोज तीच निघते, आणि रोज तितकीच खूश होतात.

१९. २५ तारीख उलटली, भेट द्यायची राहिली. आता बरं दिसेल का?

दिसेल. तीन राजांचं फेस्त ६ जानेवारीला असतं. रेइश मागूश, कासावली, चांदर इथे घोड्यावरून राजे निघतात, आणि बाळ येशूला भेटी घेऊन आले ते तेच. त्या दिवशी दिलेली भेट उशिराची कशी होईल? शिवाय नाताळ झाल्यावर उरलेल्या सिरीजवर आम्ही किंमत उतरवतो. फक्त ५ तारखेला संध्याकाळी साडेसातच्या आत या, त्यानंतर शटर खाली.